फ्रेंच भोजनगृह आणि सागरतटीय नगर : रिव्हिएरा किनाऱ्यावरील एका पंक्तीचा इतिहास (१८५९–१९०३)

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासक्रमात तह, लढाया आणि राजवटी यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे स्थान माणसाच्या रोजच्या जेवणाला मिळत नाही. सामाजिक इतिहासाचा विचार आपल्याकडे रुजल्यानंतर वेशभूषा, सण, व्रते यांवर लेखन झाले. परंतु पैसे मोजून परक्या ठिकाणी, परक्या माणसांच्या शेजारी बसून जेवण्याची जी रीत आधुनिक काळात जगभर रूढ झाली, तिच्याकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी हा विषय वर्गात मांडला, तेव्हा एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, ‘सर, हा इतिहास की हॉटेल मॅनेजमेंट?’ प्रश्न रास्त होता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

उच्चभ्रू फ्रेंच भोजनगृह म्हटले की पॅरिसचे नाव डोळ्यांसमोर येते. ते चुकीचे नाही. तथापि, आज जगातील कोणत्याही मोठ्या हॉटेलात ज्या स्वरूपाचे फ्रेंच भोजन मिळते, त्याची घडण बऱ्याच अंशी भूमध्य समुद्राच्या काठावरील नीस, कान आणि मोंते कार्लो या तीन गावांत झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या घडणीत ‘फ्रेंच’ हे विशेषण प्रदेशवाचक न राहता दर्जावाचक झाले. त्याची किंमत त्याच किनाऱ्यावरील स्थानिक अन्नाने आणि ते शिजवणाऱ्या हातांनी मोजली. ऑगस्त एस्कोफिए या बल्लवाचार्याच्या उमेदवारीपासून, म्हणजे १८५९ पासून, त्याचा ‘ल गिद क्युलिनॅर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या १९०३ पर्यंतचा कालखंड येथे प्रामुख्याने विचारात घेतला आहे. ‘उपाहारगृह’ हा शब्द मराठीत चहा-फराळाशी निगडित असल्याने लेखात ‘भोजनगृह’ हा शब्द वापरला आहे.

सीमा आणि किनारा

एस्कोफिएचा जन्म २८ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्नव्ह-लुबे या खेड्यात झाला. वडील लोहार होते. मुलाला शिल्पकार व्हावेसे वाटत होते. परंतु घरच्यांनी तो आचारी होणार असे ठरवले आणि तेराव्या वर्षी त्याची रवानगी नीस येथे काकांच्या भोजनगृहात उमेदवारीसाठी झाली. भोजनगृहाचे नाव होते ‘रेस्तराँ फ्रांसे’, म्हणजेच ‘फ्रेंच भोजनगृह’.

या साध्या नावात एक गंमत दडली आहे आणि चरित्रकार तिच्यावरून पुष्कळदा घाईने पुढे जातात. विल्नव्ह-लुबे हे वार नदीच्या पश्चिमेस, म्हणजे फ्रान्समध्ये होते. नीस नदीच्या पूर्वेस होते आणि १८५९ मध्ये ते फ्रान्सचा भाग नव्हते. सार्डिनियाच्या राज्यात, तुरीनहून कारभार चालणारे ते एक बंदर होते. गावात नीसार ही बोली चालत असे. पंधरा-एक किलोमीटरचे अंतर कापून तो मुलगा वास्तविक दुसऱ्या देशात नोकरीला गेला होता. त्या देशातील ‘फ्रेंच’ हे नाव गिऱ्हाइकाला ‘येथे परदेशी पद्धतीचे, उंची जेवण मिळेल’ एवढेच सांगत होते. फ्रान्समध्ये कोणी आपल्या भोजनगृहाला ‘फ्रेंच भोजनगृह’ असे नाव सहसा देणार नाही. मुंबईत ‘मद्रासी’ नावाने खाद्यपदार्थ विकले जातात, खुद्द चेन्नईत त्या नावाला अर्थ राहत नाही, तसाच हा प्रकार होय.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात तिसऱ्या नेपोलियनने केलेल्या मदतीचा मोबदला म्हणून २४ मार्च १८६० च्या तुरीन कराराने नीस आणि सव्हॉय हे प्रदेश फ्रान्सला देण्यात आले. एप्रिलमध्ये नीस येथे सार्वमत झाले आणि विलीनीकरणाच्या बाजूने प्रचंड बहुमत नोंदवले गेले. नीसमध्येच जन्मलेल्या गरिबाल्डीने हा व्यवहार अखेरपर्यंत मान्य केला नाही. आपली जन्मभूमी परकी झाली, ही त्याची तक्रार होती. भोजनगृहाची पाटी मात्र बदलावी लागली नाही. राज्यसत्ता ‘फ्रेंच’ होण्यापूर्वीच तेथील उंची मेज फ्रेंच झाले होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ही सीमा किनाऱ्याच्या इतिहासात आणखी एकदा निर्णायक ठरली होती. १८३४ मध्ये इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम हे आजारी मुलीसह इटलीकडे निघाले असता, फ्रान्समध्ये कॉलऱ्याची साथ असल्याने सार्डिनियाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना वार नदीवर अडवले. ते मागे फिरून कान या कोळ्यांच्या लहानशा गावात थांबले आणि ते गाव त्यांना इतके भावले की त्यांनी तेथे घरच बांधले. कानचा श्रीमंती अवतार असा एका नाकेबंदीतून सुरू झाला. नीसमध्ये इंग्रज त्यापूर्वीच येत होते. १८२० च्या दशकात थंडीच्या कडाक्याने संत्र्या-लिंबांच्या बागा करपल्या, मजूर बेकार झाले, तेव्हा इंग्रज रहिवाशांनी वर्गणी काढून त्यांच्याकडून समुद्रकाठाने रस्ता करून घेतला. तोच आजचा ‘प्रोमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फेरफटक्याचा रस्ता. दुष्काळी कामाच्या धर्तीवर बांधलेल्या रस्त्यावरून श्रीमंत पाहुणे संध्याकाळी फिरत आणि मग जेवायला बसत, ही वस्तुस्थिती पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी लागते.

१८६३ मध्ये कानला, १८६४ मध्ये नीसला आणि १८६८ मध्ये मोनॅकोला रेल्वे पोहोचली. नीसची लोकसंख्या १८६१ मध्ये सुमारे ४८ हजार होती, ती १९११ मध्ये सुमारे १ लाख ४२ हजार झाली. हे सगळे हिवाळ्याच्या जोरावर घडले. आज रिव्हिएरा म्हटले की उन्हाळा आणि समुद्रस्नान आठवते. परंतु एकोणिसाव्या शतकात हंगाम शरद ऋतूत सुरू होई आणि वसंतात संपे. उन्हाळ्यात हॉटेले चक्क बंद असत.

खानावळीचे मेज आणि स्वतंत्र मेज

भोजनगृह या संस्थेचा उगम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पॅरिसमध्ये झाला, याविषयी दुमत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे सरदारांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी भोजनगृहे काढली, हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत वारंवार येते. रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला धक्का दिला. क्रांतीच्या वीसेक वर्षे आधीच ही संस्था आकाराला आली होती आणि प्रारंभी ती प्रकृतीने नाजूक लोकांना शक्तिवर्धक सूप देणारी जागा होती, असे त्यांनी दाखवले. ‘रेस्तराँ’ हा शब्द मुळात त्या सुपाचाच वाचक आहे.

त्यापूर्वी प्रवाशाला जेवण मिळे ते ‘ताब्ल दोत’वर, म्हणजे यजमानाच्या मेजावर. ठरलेली वेळ, ठरलेली किंमत, समोर येईल ते अन्न आणि शेजारी बसेल तो माणूस. आपल्या खानावळीची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था होती. भोजनगृहाने तिच्या जागी तीन गोष्टी आणल्या : स्वतंत्र मेज, निवडीची मुभा आणि छापील किंमत. वरवर पाहता ही किरकोळ सोय वाटते. परंतु पंक्तीत जेवणाऱ्या समाजाचा अभ्यास करणाऱ्यास तिचे महत्त्व सहज कळेल. शेजारी कोण बसणार, हा प्रश्नच तेथे निकालात निघाला. एकाच दालनात रशियन ग्रँड ड्यूक, नवश्रीमंत अमेरिकन आणि कर्जबाजारी जुगारी बसू शकत होते, कारण त्यांना एकमेकांशी बोलण्याचे बंधन नव्हते.

वाढण्याची रीतही याच काळात बदलली. जुन्या फ्रेंच पद्धतीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात आणि ज्याच्या हाताशी जे येई ते त्याने घ्यावे, असा प्रघात होता. देखावा भव्य असे, अन्न मात्र निवून जाई. रशियन राजदूत कुराकिन याने १८१० च्या सुमारास पॅरिसमध्ये आणलेल्या पद्धतीत एकामागून एक पदार्थ स्वयंपाकघरातून गरम येऊ लागला. शतकाच्या उत्तरार्धात हीच ‘रशियन’ पद्धत सर्वत्र रूढ झाली. पुढे काय येणार हे मेजावर दिसेनासे झाल्यामुळे प्रत्येकासमोर लिखित यादी ठेवणे आवश्यक ठरले. मेनूपत्रिकेचे महत्त्व असे वाढले. आज अस्सल फ्रेंच म्हणून ओळखला जाणारा वाढण्याचा क्रम नावाने रशियन आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

मोंते कार्लो : हंगामाचे अर्थशास्त्र

१८४८ मध्ये मांतों आणि रोकब्रून ही गावे मोनॅकोपासून फुटली. १८६१ मध्ये ती चाळीस लाख फ्रँकच्या मोबदल्यात फ्रान्सकडे गेली आणि राजा तिसरा शार्ल याच्याजवळ खडकाचा एक तुकडा तेवढा उरला. उत्पन्नाची बाजू भक्कम करण्यासाठी जुगारघराचा परवाना देण्यात आला. परंतु पहिले प्रयत्न फसले. १८६३ मध्ये जर्मनीतील बाड होम्बुर्ग येथे नाव मिळवलेल्या फ्रांस्वा ब्लां याने हा परवाना घेतला. १८६४ मध्ये हॉटेल द पारी उघडले, १८६६ मध्ये त्या टेकडीला मोंते कार्लो हे नाव मिळाले, दोन वर्षांनी रेल्वे आली आणि १८६९ मध्ये मोनॅकोच्या नागरिकांना प्रत्यक्ष करांतून मुक्त करण्यात आले. स्वतः नागरिकांना मात्र जुगारघरात खेळण्यास मनाई होती. संस्थेच्या उत्पन्नावर जगायचे, परंतु तिच्या मेजावर बसायचे नाही, अशी ही व्यवस्था.

जुगारघराजवळ उत्तम जेवण असणे ही चैन नव्हती, ती व्यवसायाची गरज होती. पाहुणा जेवायला दूर गेला तर परत येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून हॉटेलांमध्ये आचाऱ्यांसाठी चढाओढ लागली. सेझार रिट्झ हा एका स्विस खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा मोंते कार्लोतील ग्रँड हॉटेलची व्यवस्था पाहत होता. त्याचा मुख्य आचारी जाँ जिरुआ याला हॉटेल द पारीने ओढून नेले. रिट्झने १८८४ मध्ये त्या जागी एस्कोफिएला बोलावले. मधल्या काळात एस्कोफिएने पॅरिसच्या ‘पती मुलँ रूझ’ भोजनगृहात नोकरी केली होती, १८७० च्या युद्धात मेत्झ येथे सैन्याधिकाऱ्यांचा स्वयंपाक पाहिला होता, कैद भोगली होती आणि कान येथे ‘फेझां दोर’ हे स्वतःचे भोजनगृह चालवले होते. रिट्झ–एस्कोफिए ही जोडी हिवाळ्यात मोंते कार्लोत आणि उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नच्या हॉटेल नॅशनलमध्ये काम करी. पाहुणेही बहुधा तेच. पाहुण्यांमागून स्वयंपाकघर फिरत होते.

किनाऱ्याचे वैभव किती तकलादू होते, हे २३ फेब्रुवारी १८८७ च्या पहाटे दिसले. कार्निव्हलची रात्र संपता संपता लिगुरियाच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. इटलीच्या बाजूस सुमारे सहाशे माणसे दगावली. नीस आणि मांतोंमधील पाहुणे मिळेल त्या गाडीने पळाले. हंगाम एका दिवसात बसला. अशा वेळी आचारी, वाढपी, धोबी यांच्या पगाराचे काय झाले असेल, हा प्रश्न त्या काळच्या प्रवासवर्णनांना पडत नाही. मेनूपत्रिका जपून ठेवल्या जातात, पगारपत्रके जपली जात नाहीत. भोजनाच्या इतिहासलेखनातील ही मूलभूत अडचण आहे.

पाकगृहाची रचना

एस्कोफिएच्या नावाशी ‘ब्रिगेड’ पद्धत जोडली जाते. स्वयंपाकघराचे विभाग पाडून रस्से-सॉस, भाजणी, मासळी, भाज्या व अंडी, थंड पदार्थ, मिष्टान्न असे काम वेगवेगळ्या प्रमुखांकडे सोपवणे, हे तिचे सूत्र. ‘मेयरबेर’ पद्धतीच्या अंड्यांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. एकाच आचाऱ्याने केले तर या पदार्थास पंधरा मिनिटे लागत. नव्या रचनेत एकाने अंडी शिजवायची, दुसऱ्याने कोकराचे गुर्दे भाजायचे, तिसऱ्याने कवकांचा सॉस तयार ठेवायचा, आणि पदार्थ काही मिनिटांत मेजावर जाई.

ही कल्पना त्याला सैन्यातून मिळाली, असे सर्रास लिहिले जाते. ‘ब्रिगेड’ या शब्दामुळे ते पटतेही. परंतु कामाची वाटणी सरदारांच्या मोठ्या पाकगृहांत पूर्वीपासून होती. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, या रचनेला पक्के रूप येण्यामागे किनाऱ्यावरील हंगामाचा वाटा सैन्यापेक्षा अधिक असावा. दर शरदात माणसे नव्याने जमवायची, वसंतात पांगवायची, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशातील हॉटेलात तोच दर्जा द्यायचा. जेथे माणूस टिकत नाही तेथे हुद्दा टिकावा लागतो. भाजणी पाहणारा कोणीही असो, भाजणीची जागा आणि तिचे काम ठरलेले असले की पाकगृह उभे राहते. पाककृतींचे प्रमाणीकरण हा याच तर्काचा पुढचा टप्पा होय.

एस्कोफिएच्या वृत्तीविषयी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. त्या काळची स्वयंपाकघरे म्हणजे कोळशाचा धूर, असह्य उष्णता, शिवीगाळ आणि मद्य. त्याने पाकगृहात मद्यपानास बंदी केली, त्याऐवजी बार्लीचे पेय ठेवले आणि आरडाओरड बंद केली. १९१० मध्ये त्याने दारिद्र्यनिर्मूलनासाठी परस्पर साहाय्याची एक योजना पुस्तिकारूपाने मांडली. परंतु याच माणसाला १८९८ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातून रिट्झसह काढून टाकण्यात आले होते आणि पुरवठादारांकडून दलाली घेतल्याची कबुली त्याने १९०० मध्ये लिहून दिली होती. कागदपत्रांतील ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उजेडात आली. चरित्रनायकाला देव किंवा चोर ठरवण्याची घाई इतिहासकाराने करू नये. हाताखालच्या पोरांचा घसा कोरडा पडतो हे ज्याला कळत होते, त्यालाच मटणवाल्याकडून हिस्सा घेण्यात वावगे वाटले नाही, एवढे नोंदवून पुढे जावे.

पाकगृहातील आणखी एक वगळणूक सहज नजरेतून सुटते. स्वयंपाकाची पहिली गोडी आपल्याला आजीमुळे लागली, असे एस्कोफिएने आठवणींत सांगितले आहे. या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, १९८५ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. मात्र त्याने उभारलेल्या पाकगृहात आजीला जागा नव्हती. ते सर्वस्वी पुरुषांचे राज्य होते.

पंक्तीत कोण?

स्वतंत्र मेजामुळे पंक्तीचा प्रश्न सुटला, असे वर म्हटले. तो पैशापुरताच सुटला. प्रतिष्ठित स्त्रीने सार्वजनिक भोजनगृहात जेवणे इंग्लंडमध्ये दीर्घकाळ असभ्य मानले जात होते. किनाऱ्यावरील हॉटेलजीवनाने या संकोचाला पहिली फट पाडली. घरापासून दूर, महिनोन् महिने हॉटेलात राहणाऱ्या कुटुंबाला जेवणासाठी स्वतंत्र घर नव्हतेच. १८९० च्या सुमारास रिट्झ आणि एस्कोफिए लंडनला सॅव्हॉयमध्ये गेले तेव्हा रिव्हिएराची ही सवय त्यांनी सोबत नेली. तेथील दालनात स्त्रिया रात्रीचे जेवण उघडपणे घेऊ लागल्या. गायिका नेली मेल्बा हिच्या नावाचा पीच आणि आइस्क्रीमचा पदार्थ त्याच काळातील आहे.

वंशाची भिंत मात्र अधिक जाड होती. राणी व्हिक्टोरियाने १८९५ ते १८९९ या पाचही वर्षी नीसच्या सिमिए टेकडीवर वसंतातील मुक्काम केला. तिच्या परिवारात अब्दुल करीम हा आग्र्याहून आलेला ‘मुन्शी’ होता. १८९७ मध्ये त्याला नीसला नेण्याचे ठरताच राणीच्या दरबारी अधिकाऱ्यांनी राजीनाम्याची भाषा केली. प्रवासात त्याच्यासोबत एका मेजावर जेवावे लागेल, हे त्यांच्या हरकतीचे एक प्रमुख कारण होते. राणी संतापली, करीम नीसला गेलाच. परंतु आक्षेपाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थानी माणसाने कागदपत्रे हाताळावीत, याबद्दलही त्यांची कुरकुर होती. पण गोष्ट राजीनाम्यापर्यंत आली ती सहभोजनाच्या शक्यतेने. पंक्तिभेद हा केवळ आपल्याच समाजाचा दोष होता, असे मानणाऱ्यांनी सिमिएच्या या प्रसंगाचा विचार करावा. अर्थात, त्यामुळे आपला दोष हलका होत नाही.

आणि दालनाच्या पलीकडे खुद्द किनारा होता. नीसचे लोक काय खात? हरभऱ्याच्या पिठाचे, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेले धिरडे, म्हणजे सोक्का. शिजवलेल्या कांद्याचा आणि खारवलेल्या मासळीचा थर दिलेली पाव-भाकरी, पिसालादिएर. नॉर्वेहून येणाऱ्या सुक्या मासळीचे कालवण, एस्तोकाफिकादा. समुद्राच्या काठी राहून हजारो मैलांवरून आलेला सुका मासा खाणे विचित्र वाटेल. बंदराच्या गावाला ते स्वाभाविक आहे. यांपैकी कोणताही पदार्थ ग्रँड हॉटेलच्या भोजनक्रमात शोभण्यासारखा मानला गेला नसता. तो क्रम म्हणजे आरंभीचे चटकदार पदार्थ, सूप, मासळी, मांसाचे पदार्थ, मध्ये बर्फाळ सरबत, भाजलेला पक्षी, गोड पदार्थ आणि फळे. खिडकीबाहेर भूमध्य समुद्र आणि ताटात लोणी-मलईचा उत्तरेकडील सॉस, अशी ही स्थिती होती. ऑलिव्ह तेल आणि लसूण ही गरिबाची चव समजली जाई.

कोशिंबिरीचा वाद आणि आख्यायिकांची परीक्षा

स्थानिक पदार्थ मेजावर आला तर तो कसा येई, याचे उत्तम उदाहरण नीसची कोशिंबीर, ‘साल्याद निस्वाज’, हे आहे. ‘ल गिद क्युलिनॅर’मधील कृतीत हिरव्या घेवड्याच्या शेंगा आणि बटाटे आहेत, सोबत टोमॅटो, केपर, ऑलिव्ह आणि अँकोव्ही मासळी. नीसकरांना हे कधीच रुचले नाही. नीसचे महापौर जाक मेदसँ यांनी १९७२ मध्ये नीस परगण्याच्या पाककलेवर पुस्तक लिहिले आणि त्यात बटाटा किंवा कोणतीही उकडलेली भाजी या कोशिंबिरीत घालू नये, असे बजावले. (हेच महापौर पुढे भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे १९९० मध्ये देश सोडून गेले. शुद्धतेचा आग्रह त्यांनी कोशिंबिरीपुरता ठेवला असावा.) येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, कृती बिघडवल्याचा आरोप ज्याच्यावर होतो, तो पॅरिसचा कोणी परका नव्हता. तो वार नदीपलीकडच्या गावचा, त्याच बाजारात भाजी निवडायला शिकलेला मुलगा होता. नीसची चव त्याला ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही. लंडन आणि पॅरिसमध्ये बाराही महिने मिळेल अशा जिन्नसांत ती बसवणे त्याला भाग होते. प्रमाणीकरणात जे गळते ते अज्ञानामुळेच गळते असे नाही.

दुसरे उदाहरण आख्यायिकेचे. ‘क्रेप सुझेत’ हे मद्याच्या ज्वाळेत तयार होणारे गोड धिरडे मोंते कार्लोच्या कॅफे द पारीमध्ये १८९५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या मेजाजवळ आपल्या हातून अपघाताने तयार झाले, असा दावा आंरी शार्पांतिए या आचाऱ्याने १९३४ च्या आत्मचरित्रात केला. त्याचा जन्म १८८० चा. चौदा-पंधरा वर्षांच्या उमेदवाराला युवराजाच्या मेजाजवळ उभे केले जाईल, हे संभवत नाही, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला. आक्षेप सबळ आहे. तरीही ही कथा टाकाऊ नाही. पाकगृहातील एका पोराला आपण त्या दालनात होतो, आपल्याला युवराजाने पाहिले, असे चाळीस वर्षांनंतर सांगावेसे वाटले, हे त्या व्यवस्थेविषयीचे साधन म्हणून मोलाचे आहे.

१९०३ आणि त्यानंतर

फिलेआस जिल्बेर आणि एमिल फेत्यू यांच्या सहकार्याने लिहिलेला ‘ल गिद क्युलिनॅर’ १९०३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्यात पाच हजारांच्या आसपास कृती आहेत. भाषा आटोपशीर, प्रमाणे नेमकी. वाचक व्यवसायातला आहे हे गृहीत धरलेले. याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु बोटींवरील आणि मुंबईच्या हॉटेलांतील पाकगृहांत ज्या गोमंतकीय आचाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या काम केले, त्यांच्या जिभेवर फ्रेंच पाकशास्त्राचे शब्द रुळले ते याच परंपरेतून. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले आणि ती परिभाषा अभ्यासक्रमात आली. ‘मीझ आँ प्लास’, ‘शेफ द पार्ती’, ‘गार्द मांझे’ हे शब्द आज सातारा-सांगलीकडचा विद्यार्थीही परीक्षेसाठी पाठ करतो. प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला ‘दोन्ही’ असे उत्तर द्यावे लागते ते यामुळे.

एस्कोफिए १२ फेब्रुवारी १९३५ रोजी मोंते कार्लोत वारला. त्याची पत्नी देल्फिन काही दिवस आधी गेली होती. विल्नव्ह-लुबे येथील त्याच्या जन्मघरात १९६६ पासून पाककलेचे संग्रहालय आहे आणि तेथे जुन्या मेनूपत्रिकांचा मोठा संग्रह पाहायला मिळतो. २०१० मध्ये युनेस्कोने ‘फ्रेंचांचे पाककलासंपन्न भोजन’ हा अमूर्त वारसा म्हणून नोंदवला, तर २०२१ मध्ये नीस हे ‘रिव्हिएरावरील हिवाळी विश्रामनगर’ म्हणून जागतिक वारसायादीत आले. म्हणजे नीस ज्या पाहुण्यांसाठी वाढले, त्यांच्या नजरेतून त्याची नोंद झाली.

किनाऱ्याच्या अन्नाला उंची दालनात प्रवेश मिळायला बराच काळ जावा लागला. १९८७ मध्ये हॉटेल द पारीमधील ‘लुई कँझ’ या भोजनगृहाची सूत्रे आलँ द्युकास याने घेतली. त्याने ऑलिव्ह तेल, आसपासच्या मळ्यांतील भाज्या आणि छोट्या होड्यांनी आणलेली मासळी यांना मेनूपत्रिकेत मानाचे स्थान दिले. प्रोव्हान्सच्या मळ्यांतील भाज्यांचा एक संपूर्ण भोजनक्रम त्याने ठेवला. १९९० मध्ये या भोजनगृहास मिशलँची तीन तारांकने मिळाली. एस्कोफिएच्या काळी नोकरांच्या जेवणात शोभला असता, असा भाजीपाला त्याच चौकात राजेशाही थाटात वाढला जाऊ लागला. त्यावर किसलेले काळे कवक घातलेले असते. सोक्का मात्र अजूनही जुन्या नीसच्या गल्ल्यांत, भट्टीसमोर रांग लावून, कागदात गुंडाळून उभ्याने खाल्ला जातो.